धुराच्या चवीचं गाव

मुलं बंगळुरात नोकरीला असलेल्या आपल्याकडच्या घरांना ‘क्राफ्ट बिअर’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. पोरं फोनवर गव्हाची बिअर, काळी बिअर असं काहीबाही सांगतात आणि आई-वडील विषय बदलतात. मीही बदलत असे. पण लेक-जावयाकडे जर्मनीत एर्लांगेनला महिनाभर राहिले, तिथून रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावरचं बाम्बर्ग पाहिलं, आणि त्या गावाबद्दल बिअर वगळून लिहिताच येत नाही. तेव्हा वाचकांनी, विशेषतः आमच्या भिशीतल्या मैत्रिणींनी, सांभाळून घ्यावं.

बाम्बर्ग सात टेकड्यांवर वसलेलं. रेग्निट्झ नदीच्या मधोमध, दोन पुलांच्या आधारानं उभं असलेलं जुनं नगरगृह, वर टेकडीवर चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल. 1993 पासून जुनं गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. हे सगळं कुठल्याही माहितीपुस्तकात मिळेल. पुस्तकात न मिळणारी गोष्ट म्हणजे कॅथेड्रलच्या पायथ्याशी, डॉमिनिकानरश्ट्रासवरच्या ‘श्लेंकर्ला’चं दार उघडल्यावर येणारा वास.

जावई आमचे धारवाडचे. आत पाऊल टाकताच म्हणाले, “होगी वासनी, अत्ती!” खरंच, पाणी मारलेल्या चुलीचा वास. 1405 पासून नोंद असलेलं हे घर. काळ्या पडलेल्या तुळया, घासून गुळगुळीत झालेली लाकडी टेबलं, आणि लाकडी पिंपाच्या तोटीतून थेट ग्लासात पडणारी काळसर तपकिरी बिअर. तिचं नाव राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. अर्ध्या लिटरच्या मापाला तिथं ‘झाइडला’ म्हणतात. तिघांत एकच मागवला. जावयांसमोर ग्लास हातात धरताना माझा पदर आपोआप सावरला गेला. हे मात्र छताकडे बघत होते.

पहिल्या घोटाला चव लागली ती निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याच्या करपलेल्या सालीची. मांसाहारी लोकांना तिच्यात धुरावलेलं डुकराचं मांस आठवतं म्हणे. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, आत तसलं काही नसतं. बव्हेरियात 1516 साली बिअरसाठी कायदा झाला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच सामग्री ठरवून दिली होती. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडू फुलं. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला धूर मागे सरतो, मग भाजक्या धान्याची गोडी येते आणि शेवटी जिभेवर थोडा कडूपणा राहतो.

धूर येतो कुठून? हे आपल्या बायकांना चटकन समजेल, कारण निम्मी कृती आपण घरी करतो. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो. बिअरसाठी जवाचं तेच करतात; मोड आल्यामुळे दाण्यातल्या पिठाची पुढे साखर होऊ शकते, आणि त्या साखरेवर यीस्ट काम करतं. फरक वाळवण्यात आहे. आपल्याकडे ऊन आहे. तिथल्या ढगाळ हवेत ओले मोड वाळायचे ते लाकडाच्या आगीवर, म्हणजे धूर दाण्यात मुरायचाच. पुढे धूर दाण्याला न लागता नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जवळपास सगळ्यांनी जुनी रीत सोडली. बाम्बर्गमध्ये श्लेंकर्ला आणि 1536 पासूनची ‘श्पेत्सियाल’ या दोन घरांनी ती सोडली नाही. आजही दोघं आपापलं माल्ट स्वतःच बीचच्या लाकडावर वाळवतात.

मला तिथं बसून आईची आठवण झाली. खानापूरकडच्या आमच्या घरात ती चाळीस वर्षं चुलीशी बसली. डोळे कायम लाल, पहाटे खोकला. गॅस आला त्या दिवशी तिनं चुलीवर शेणाचा शेवटचा पोतेरा फिरवला आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही. ‘चुलीवरची भाकरी’ म्हणून हॉटेलवाले आता जास्त पैसे घेतात, त्यांना ती काय म्हणाली असती कोण जाणे. श्लेंकर्लाचा धूर चिमणीतून वर जातो, कुणाच्या छातीत नाही. म्हणून तो मला आवडू शकला.

दुपारी वुंडरबुर्ग भागात ‘मार्स ब्रॉय’ला गेलो. तिथं नुसतं “ऊ” म्हटलं की बिअर येते! पिंपाचं बूच न ठोकता मुरवलेली, म्हणून फेस कमी आणि पोटाला हलकी. धूर अजिबात नाही. आमच्या ह्यांना हीच आवडली.

संध्याकाळी श्टेफान्सबेर्ग टेकडी चढलो. बर्फाची यंत्रं नव्हती तेव्हा टेकडीच्या दगडात तळघरं खोदून बिअर थंड ठेवत, आणि वर सावलीसाठी झाडं लावत. त्या झाडांखालीच आता बाकं आहेत. तिकडे ‘केलरवर जाणं’ म्हणजे हेच, खाली नाही, वर जायचं. शेजारच्या टेबलावर आजी, सून, दोन नातवंडं. आजीपुढे झाइडला, पोरांपुढे सफरचंदाचा रस. दारूनं मोडलेली घरं आमच्या गल्लीतही मी पाहिली आहेत आणि ती जर्मनीतही असणारच. पण इथं आडोसा शोधून पिणारं कुणी दिसलं नाही. लेकीनं डब्यातले थालीपीठाचे तुकडे काढले. लसणीच्या चटणीबरोबर ही बिअर चांगली लागते, हे जावयांचं मत मी नोंदवून ठेवते.

कुणाची मुलं त्या बाजूला असतील तर एवढंच सांगेन: आधी स्टेशनजवळच्या श्पेत्सियालमध्ये जा. तिथला धूर सौम्य, उदबत्ती विझल्यावर खोलीत राहतो तेवढाच. पूल ओलांडून श्लेंकर्लाला मग जावं, आणि ग्लास दोघांत एक घ्यावा.