हलक्या हाताने

नरकचतुर्दशीची पहाट. पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल, ताटलीत उटणे. सारे घर आनंदात असते आणि मी मात्र त्या उटण्याकडे, चोराने शिपायाकडे पाहावे तशी पाहत असते!

तेलाच्या हाताने तुम्हाला सुख वाटते. माझे अंग ठणकते. नव्या साडीची जर टोचते, उदबत्तीच्या वासाने डोके भणभणते आणि फटाक्याचा आवाज कानात न थांबता थेट खांद्यांत उतरतो. पुष्कळ वर्षे या साऱ्याला घरात एकच नाव होते— नखरे. खरे सांगू? मलाही ते पटू लागले होते.

मग डॉक्टरांनी दुसरे नाव सांगितले: फायब्रोमायल्जिया. १९९० च्या निकषांप्रमाणे अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा दाबून पाहत. निदान ११ दुखाव्या लागत. २०१० च्या नव्या निकषांतून ती मोजदाद गेली. दुखते स्नायूंत, पण साध्या स्पर्शाचाही गाजावाजा करतात ते मेंदू नि मज्जारज्जू. रेडिओचे बटण कुणी शेवटपर्यंत पिळून ठेवावे, तसे!

यंदा सासूबाई वाटी घेऊन आल्या. मी धीर करून म्हटले, "आई, उटणे नको. तेलही हलक्या हाताने लावा."

त्या थबकल्या. मग तेल स्वतःच्याच तळव्यांवर चोळून त्यांनी माझ्या टाळूवर हात नुसता ठेवला. "दुखतंय का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारले नव्हते. पण मी तरी कुठे सांगितले होते?