सदाफुली आणि सौ.ची बोटे

सदाफुलीचे झाड आपल्या कोकणातल्या कोणत्या अंगणात नसते? अलिबागकडील आमच्या जुन्या घरीही विहिरीच्या कडेला ते आपोआप उगवे. कोणी त्याला मुद्दाम पाणीही घालीत नसे. तेच झाड टोरंटोत औषध होऊन आमच्या घरी येईल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

आमच्या सौ.ना लिंफोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर, झाल्याचे कळले आणि उपचार सुरू झाले. त्यांतील एक औषध व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीतूनच मिळते. केस जातील, ओकाऱ्या होतील, हे सर्वांनी सांगितले होते. पण तिसऱ्या फेरीनंतर बोटांची टोके बधिर झाली. पोलक्याचे हूक लागेनात. ज्या हातांनी जन्मभर शिवणकाम केले, त्यांना सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर औषध कमी करतील आणि रोग उलटेल, या भीतीने सौ.नी ही गोष्ट लपविली, आणि आम्हीही गप्प बसलो. चूक आमचीच.

या औषधांचा एक उगम कॅनडातच आहे. 1952 साली डॉ. क्लार्क नोबल यांना जमैकाहून सदाफुलीची पाने आली. तेथे मधुमेहावर त्यांचा काढा घेत असत. त्यांनी ती पाने ओंटारिओतील लंडन येथे संशोधन करणारे आपले बंधू रॉबर्ट यांच्याकडे दिली. उंदरांच्या रक्तातील साखर काही उतरली नाही. पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. मधुमेहाच्या दृष्टीने हा दोषच. परंतु ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर हाच गुण ठरेल, हे त्यांनी ओळखले. पुढे रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून व्हिन्ब्लास्टीन वेगळे काढले व 1958 साली ते काम जाहीर केले. व्हिन्क्रिस्टीन ही त्याचीच बहीण. तिच्या रेणूत फरक अगदी लहानसा.

मग बोटे का बधिर होतात? पेशी दुभंगताना ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या उभारते. औषध त्या प्रथिनाला चिकटते, नळ्या बनत नाहीत, आणि दुभंगता दुभंगता पेशी मरते. केसांच्या मुळांतील पेशीही भराभर दुभंगतात, म्हणून केस गळतात. मज्जातंतूंच्या पेशी दुभंगत नाहीत. पण त्यांच्या लांबच लांब तंतूंतून माल वाहून नेणारे रूळ याच नळ्यांचे असतात. रूळ उखडले की सर्वांत दूरची स्थानके आधी उपाशी राहतात: पायांची आणि हातांची बोटे. आतड्याचे तंतू मंदावले की बद्धकोष्ठ होते. विष आणि औषध दोन नाहीत. काम एकच, ठिकाणे निराळी.

अखेर सौ.च्या हातून चहाचा पेला पडला, तेव्हा आम्ही डॉक्टरांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी त्या एका औषधाची मात्रा उतरविली. बाकीची औषधे तशीच चालू ठेवली. उपचार पुरे झाले. त्याला आता वर्ष होईल. रोग तूर्त दिसत नाही. हातांची बोटे बरीच सुधारली. पायांची मात्र अजून झोपलेलीच आहेत.

वाचकहो, घरात असे आजारपण आले तर मुंग्या, बधिरपणा, बद्धकोष्ठ यांतले काहीही क्षुल्लक समजून लपवू नका. लवकर सांगितले, तर पुढची इजा पुष्कळदा टळते.

परवा सौ.नी सुईत दोरा ओवला. चार वेळा चुकला, पाचव्यांदा गेला. आम्ही मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.