तेरेखोलचा तुडुम

बाबांना समुद्र दाखवायचा, हे आमच्या घरात वीस वर्षं चाललं होतं. धानकापणी आटोपली की जाऊ, असं ठरायचं. कापणीनंतर मळणी, मळणीनंतर लग्नं, लग्नांनंतर परत पेरण्यांची तयारी. शेवटी ऐंशी ओलांडल्यावर एका सकाळी ते गोंदियाच्या फलाटावर महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये चढले आणि खिडकीपाशी बसले. ही गाडी नावाला जागणारी आहे. विदर्भ, खानदेश, मनमाड, दौंड, पुणे, सातारा असं करत राज्य आडवं कापत ती दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला टेकते. बाबा रात्रभर फारसे झोपले नाहीत. अंधारातही ते शेतंच बघत होते की काय, कोण जाणे.

लोकांनी गणपतीपुळे सुचवलं, तारकर्ली सुचवलं. मी तेरेखोल निवडलं ते नकाशामुळे. तेरेखोल नदी म्हणजे गोवा आणि महाराष्ट्राची सीमा. दक्षिणेला गोवा, उत्तरेला आमचं राज्य. इथवर ठीक. पण नदीच्या मुखाशी, उत्तरेच्याच काठावर, गोव्याच्या रंगाचा नखाएवढा एक ठिपका आहे. नदी ओलांडून गोवा इकडे कसा आला? जमिनीच्या बाजूने सगळीकडे रंग एक आणि कोपऱ्यात हा भलताच. असं काही दिसलं की मला चैन पडत नाही. सीमेवरच्या माणसाची ही खोड असावी. आमच्या जिल्ह्याला एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. सोयरिकी बालाघाटात, गोंदियाच्या बाजारात भाव हिंदीत, आणि बाघ नदीवरच्या धरणांचं पाणी दोन राज्यांत वाटून घ्यायचं.

बाबांच्या पेटीत त्यांचा चौथीचा दाखला आहे. त्यावर जिल्हा भंडारा, राज्य मध्यप्रदेश. जन्मले तेव्हा त्या मुलखाचं नाव मध्यप्रांत व वऱ्हाड होतं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले, १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात, आणि १९९९ च्या १ मे रोजी गोंदिया जिल्ह्यात. या सगळ्या काळात घर तेच, नवेगाव बांध तलावाच्या पाण्यावर भिजणारी धानाची बांधी तीच. बदलला तो फक्त अर्जावरचा मायना.

सावंतवाडीहून शिरोडा, शिरोड्याहून रेडी. शिरोड्याला मिठागरं बघितली. १९३० साली इथं मिठाचा सत्याग्रह झाला, आणि याच गावातल्या शाळेत वि. स. खांडेकरांनी ऐन उमेदीची वर्षं शिकवलं. बाबांना खांडेकरांशी देणंघेणं नव्हतं. ते मिठाच्या चौकोनी वाफ्यांकडे बघत राहिले. "ह्या त बांध्याच," म्हणाले. पाणी आणायचं, अडवायचं, थांबायचं. पीक तेवढं वेगळं.

रेडी संपते आणि तेरेखोल सुरू होतं ते कुठे, हे झाडांना माहीत नाही. तोच तांबडा जांभा, तीच काजूची झाडं. रस्त्याचा थर जरा बदलतो, गाड्यांच्या पाट्या एमएचच्या जीए होतात, फलकावरची मराठी कोकणी होते. आपण परक्या मुलखात आलो, असं वाटावं यासाठी एवढंच सामान.

किल्ला अगदी लहान. रायगड-प्रतापगड डोक्यात घेऊन येणाऱ्याची निराशा व्हावी इतका. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात तो बांधला, नदीच्या तोंडावर डोळा ठेवायला आणि आपली जहाजं राखायला. किल्ल्याच्या कठड्याशी उभं राहिलं की बांधणाऱ्याचा हेतू लगेच कळतो. खाली नदी समुद्राला मिळते. पलीकडे केरीची वाळू आणि सुरूची रांग, त्यामागे हरमलकडे गेलेला किनारा. आत शिरणारी होडी या टेकडीच्या नजरेतून सुटत नाही. आणि होडी अडवता आली की जकात आली, जकात आली की भांडण आलं.

ते भांडण १७४६ मध्ये निकाली निघालं. पोर्तुगीज व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मेदा याने त्या वर्षी आधी शापोरा नदीकाठचं हळर्णे घेतलं आणि मग तेरेखोल. लिस्बनला इतका आनंद झाला की राजाने त्याची जुनी पदवी बदलून त्याला अलोर्नाचा मार्क्विस केलं. अलोर्ना म्हणजे हळर्णे. पेडणे तालुक्यातलं एक खेडं पोर्तुगालच्या सरदार घराण्याचं आडनाव होऊन बसलं, आणि इथे त्या खेड्यात लोक आपले नारळ सोलत राहिले. मला या गोष्टीचं हसू येतं, आणि जरा रागही.

नकाशावरचा ठिपका तेव्हापासूनचा. पुढे पेडण्याचा सगळा मुलूखच पोर्तुगिजांकडे गेला, नदी सीमा ठरली, पण नदीपलीकडचा हा किल्ला त्यांनी सोडला नाही. तोंडावरचा पहारा कोण सोडेल?

किल्ल्याच्या चौकात चर्च आहे, सेंट ॲन्टनीचं. पांढरं, नीटस, जागेच्या मानाने मोठंच. तटाच्या आत एवढी शांत वस्तू बघून आधी गोंधळायला होतं. बाबांनी चपला काढल्या. तिथे तशी पद्धत नसते, असं मी म्हणणार होतो, म्हटलं नाही. पुढे किल्ल्याचं हॉटेल झालं, तेव्हा सात खोल्यांना आठवड्याच्या सात वारांची नावं दिली होती. शनिवारी येऊन मंगळवारात झोपायचं. प्रवासी माणसाला आणि काय हवं असतं म्हणा. फोटो काढणारी जोडपी बुरुजावर एकामागून एक येत होती, समुद्राकडे पाठ करून उभी राहत होती आणि जात होती.

या किल्ल्याच्या इतिहासाकडे मात्र पाठ फिरवून चालत नाही. १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हा पहिला गोमंतकीय माणूस गोव्याचा मुख्य कारभारी झाला. सतरा दिवसांत त्याला उलथवलं गेलं. त्याच्या बाजूने उभी राहिलेली या किल्ल्यातली शिबंदी कापली गेली. मग १५ ऑगस्ट १९५४. आल्फ्रेड आफोंसो यांच्यासोबत गोमंतकीय सत्याग्रहींची तुकडी इथे शिरली आणि किल्ल्यावर तिरंगा चढवला. झेंडा एक दिवस राहिला, माणसं तुरुंगात गेली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तेरेखोलला सत्याग्रही हिरवे गुरुजी हुतात्मा झाले. गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

मी हे सगळं बाबांना सांगत होतो. शाळा शिकवण्यात आयुष्य गेलं, तोंड थांबत नाही. बाबा कठड्यावर हात टेकून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर असं पाणी होतं ज्याला पलीकडची पार नव्हती. नवेगावच्या तलावाला, कितीही भरला तरी, पलीकडे डोंगर असतात. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "एवढा पानी, पन धानाच्या कामाचा नाही."

माझं व्याख्यान तिथे संपलं.

गाव किल्ल्याखाली आहे. थोडी घरं, काजूच्या बागा, अंगणात वाळत घातलेली जाळी. जमीन कोणाची आणि कसणारे कोण, हा इथला जुना वाद. गोल्फचं मैदान होणार म्हणून अलीकडे याच लोकांनी न्यायालयाची पायरी चढली. सावंत गेले, व्हाइसरॉय गेला, तेरेखोल हवंसं वाटणारे काही संपले नाहीत. एका ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "खंयचे तुमी?"

"गोंदियाचे."

"गोंदिया खंय?"

नागपूरच्या पलीकडे, म्हटलं. त्याने मान हलवली. नागपूरच्या पलीकडे काही असतं हे त्याला पटलेलं दिसलं नाही. पण बाबांच्या शेजारी जागा करून दिली, पाणी दिलं. दोघांचं एकमेकांना निम्मंच कळत होतं आणि दोघांची तक्रार नव्हती. त्याने १६ जानेवारी १९६७ ची गोष्ट काढली. गोवा महाराष्ट्रात जायचा की वेगळा राहायचा, यावर कौल झाला होता. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, पानांना १,७२,१९१. हे आकडे माझे. त्याने फक्त फूल आणि पानं सांगितली. आपण कशावर शिक्का मारला, ते काही बोलला नाही. महाराष्ट्राने वेढलेल्या गावात बसून एवढा सावधपणा शिकावाच लागत असेल.

मला मात्र हेवा वाटला. आम्हाला कोणी फूल दाखवलं नाही आणि पानंही नाहीत. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती कागदावर राहिली. बाबा तेव्हा शाळेत जात होते. एका सकाळी मास्तरांनी सांगितलं की आपण आता मुंबई राज्यात आहोत, आणि पाढे पुढे सुरू केले.

परत फिरायचं तर रेडीचा रस्ता होता. पण बार्ज धरून केरीला उतरलो. लोखंडी तराफा, त्यावर चार मोटरसायकली, मासळीची टोपली घेतलेली एक बाई, आणि आम्ही. नदी ओलांडायला काही मिनिटं लागली. ज्या पाण्यासाठी एवढं रामायण झालं ते इतक्यात संपतं. बाई गोव्यातून गोव्यात चालली होती, मधे एक सीमेची नदी लागत होती एवढंच.

बघण्यासारखं ते पुढेच होतं, आणि ते कोणत्याही पर्यटनाच्या यादीत नाही. पेडण्याच्या वाटेवर रस्त्यालगत एक खाजण लागलं. खाडीचं खारं पाणी येऊ नये म्हणून मातीचा बांध, आणि बांधाच्या आत भातशेती. कापणी होऊन गेली होती, खुंट उरले होते. बाबांनी गाडी थांबवायला लावली. चिखलाकडे एक नजर टाकून त्यांनी जमीन ओळखली, मग गोंधळले. शेजारी समुद्राचं पाणी आणि इकडे धान? शेतात उभ्या माणसाने सांगितलं, ह्या भाताचं नाव कोरगूट. खारट जमीन सोसणारं. आणि पाण्याची सगळी किल्ली त्या मानशीत.

मानस म्हणजे बांधातला लाकडी झडपांचा दरवाजा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडपा बाहेर उघडतात, शेतातलं पाणी खाडीत जातं. भरती आली की बाहेरचं पाणी त्याच झडपा ढकलून बंद करतं. माणसाला हात लावावा लागत नाही. समुद्र स्वतःच येतो आणि स्वतःलाच दार लावून घेतो.

बाबा बांधावर उकिडवे बसले. आमच्या मालगुजारी तलावांच्या पारीत पाणी सोडायला तुडुम असतो, तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांनी बसवलेला. पिढ्यान् पिढ्या त्याच्या पाळीवरून भांडणं झाली, समेट झाले. आमचा तुडुम गोडं पाणी आतून बाहेर सोडतो, हा खाऱ्याला बाहेरच्या बाहेर रोखतो. काम उलटं, घडण सख्ख्या भावाची. "हा त तुडुमच," ते म्हणाले, आणि किल्ल्यावर ज्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता त्यांनी त्या माणसाला प्रश्नांवर प्रश्न विचारले. लाकूड कोणतं? किती वर्षं टिकतं? बांध फुटला तर दुरुस्तीला कोण येतं? सगळं गाव येतं की ज्याचं शेत तोच? एकदा खारं पाणी शिरलं तर जमीन सुधारायला किती पावसाळे? तो कोकणीत सांगत होता, हे झाडीबोलीत विचारत होते. मी दुभाष्या व्हायला गेलो तर दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

ऊन उतरलं. भरतीची वेळ झाली होती. मला पेडण्याहून सावंतवाडी गाठायची होती, दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून गाडी होती. "बाबा, चला, उशीर होतो," मी म्हटलं.

त्यांनी मागे न बघता हात वर केला. खाडीचं पाणी वर चढत होतं. झडप एकदा हलली, परत थांबली.

"थांब रे. लागू दे दार."