जागा धरलेली

स्टुटगार्टहून उल्मला जायला आता दोन वाटा आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नवा वेगवान लोहमार्ग सुरू झाला. तो बोगद्याबोगद्यांतून असा धावतो की चहा निवायच्या आत उल्म येतं. दुसरी वाट जुनी, १८५० सालची, गाइसलिंगनच्या चढणीवरून जाणारी. मी बहुतेक वेळा जुनीच धरते. घरचे विचारतात, मी म्हणते, स्वस्त पडतं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

गाइसलिंगनला कधीकधी शेजारच्या रुळावर मालगाडी उभी असते आणि तिच्या शेपटाला एक जादा इंजिन लागलेलं असतं. चढ एकास चव्वेचाळीसच्या आसपास, त्यामुळे जड गाडी मागून ढकलावी लागते. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा तोंडातून मोठ्यानं निघालं, "कर्जत!" समोरच्या गृहस्थांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात घातली.

आपला बोरघाट याहून खडा आहे, एकास सदतीस. १८६३ पासून तिथे गाड्या चढताहेत. आम्ही डोंबिवलीकर, दर मे महिन्यात वाईला आत्याकडे जायचो. कल्याणला गाडी पकडायची, पुण्याला उतरायचं, स्वारगेटला एसटी. कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायची, त्यांचा एक हलका धक्का सगळ्या डब्यांतून पुढे यायचा. तेवढ्या वेळात बाबा खाली उतरून वडे घेऊन यायचे आणि गाडी सुटेस्तोवर आईचा जीव टांगणीला. मग बोगदे. मी आणि भाऊ मोजायचो, दरवर्षी आकडा वेगळा यायचा, आणि डब्यातलं कुणीतरी अनोळखी माणूस भांडण सोडवायला मध्ये पडून तिसराच आकडा सांगायचं. घाटात ठाकरवाडीच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन चढायच्या. चिकानं ओठ चिकटायचे. आईनं धुऊन खा म्हणायचं आणि आम्ही तसंच खायचं, हेही ठरलेलं.

पण खरा प्रवास स्वारगेटपासून सुरू व्हायचा. फलाटाला एसटी लागण्याआधीच, ती वळण घेत असतानाच, खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडायच्या, एकदा तर मी पाहिलंय, एक चप्पलही. रुमाल पडला की जागा धरली गेली. त्याला ना शिक्का ना पावती, तरी चढणारा माणूस रुमालावर बसत नसे. बसलाच तर "इथं माणूस आहे" एवढं पुरायचं. आमच्या बाबांना रुमालाचा भरवसा नव्हता. ते मलाच उचलून खिडकीतून आत सोडायचे. चार वर्षं मी आमच्या घरचा रुमाल होते. तिघांच्या बाकावर आडवी पडून "माणूस येतंय, माणूस येतंय" असं ओरडत राहायचं, हे माझं काम. दहाव्या वर्षी मी खिडकीत मावेनाशी झाले, तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

इथे सीटच्या वर बारीक अक्षरांत उजळतं: अमुक ते अमुक, राखीव. राखीव नसेल तर लोक विचारतात, "इथे मोकळं आहे का?" प्रवासभर माझ्याशी कुणी बोललंच तर एवढंच बोलतं. गाड्या मात्र घड्याळावर चालतात असा जो आपल्याकडे समज आहे, तो सोडून द्यावा. चाळीस-चाळीस मिनिटं मी फलाटावर कुडकुडत उभी राहिले आहे, माझ्यासारखे दोनशे जण आजूबाजूला, आणि कुणी कुणाला हूं की चूं केलं नाही. कल्याणला चाळीस मिनिटांत आम्ही एकमेकांच्या मुलांच्या परीक्षा, सांधेदुखी आणि रेल्वेमंत्री, सगळं उरकलं असतं.

उगाच गोड गोड लिहीत नाही. एसटीत मला हमखास उलटी व्हायची, खंबाटकीच्या वळणावर. आई पिशवी आणि लिंबू तयार ठेवायची. गर्दीत नको ते हातही अंगाला लागले आहेत. रात्री अकराला इथल्या रिकाम्या डब्यात मी निर्धास्त बसते, ते सुख मला तिथे मिळालं नव्हतं. तरीही.

माझी एक सहकारी इथलीच, श्वाबियाची. तिनं या जुन्या मार्गावरचं एक लोकगीत ऐकवलं. एक शेतकरी तिकीट काढून गाडीत बसतो आणि बोकड गाडीच्या मागे बांधतो, पुढे बोकडाचं जे व्हायचं ते होतं. तिला वाटलं, मी हसेन. मी म्हटलं, आमच्याकडे बोकड आत असता, बाकाखाली. तीच हसली.

मे २०२३ मध्ये इथे ४९ युरोंत महिनाभर देशातल्या सगळ्या साध्या गाड्यांतून हिंडता येईल असं तिकीट निघालं. फोनवर आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "आमच्याकडे फुकट आहे." पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत झाली आहे. तेव्हापासून आत्या जेजुरीला काय जाते, पंढरपूरला काय! "फुकट आहे म्हणून नाही गं," ती म्हणते, "बायका भेटतात."

आणि मी? दर खेपेला विमानतळावर चुलतभावाची गाडी उभी. काचा वर, गार हवा, द्रुतगती मार्ग. "एवढ्या लांबून आलीस, एसटीनं कशाला?" पाहुण्याला कुणी धक्के खाऊ देत नाही. बोरघाट काचेतून दिसतो, बोगदे मोजायला सोबत कुणी नसतं.

गेल्या जानेवारीत मी हट्ट धरला. आत्या पुण्यात आली होती, तिच्याबरोबर स्वारगेटहून एसटीनं वाईला निघाले. मी पाण्याची बाटली घेऊन येईपर्यंत बस लागलेली, दाराशी ही गर्दी. मी सवयीनं रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. रांग नव्हतीच, मी एकटीच होते. वर चढले तेव्हा आत्या खिडकीशी बसली होती आणि शेजारी तिचा चौकटीचा रुमाल पसरलेला. मी बसते न बसते तोच एक बाई मांडीएवढी पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "कुठल्या तुम्ही?" माझ्याकडे बघून. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "माझी भाची. वाईची."

"मग सरका की जरा," बाई म्हणाल्या.

दोघींच्या बाकावर आम्ही तिघी, पिशवी माझ्या मांडीवर. कात्रजला कंडक्टर आला. आत्याचं कार्ड बघून त्यानं शून्य रुपयांचं तिकीट फाडलं. माझं अर्धं, बायकांना असतं ते. मला काही विचारलं नाही.