शून्य म्हणजे ठीक

रोज रात्री दोनला चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट मीच लिहिली होती. पायथनमधल्या जेमतेम वीस ओळी. डेटाबेसचा डम्प काढायचा, पाइपने जीझिपकडे द्यायचा आणि शेवटी ‘बॅकअप झाला’ असा मेल पाठवायचा. मेल रोज यायचा. मी न उघडताच आर्काइव्ह करायचो.

एका सोमवारी कुणाच्या तरी हातून एक टेबल उडालं. बॅकअप शोधला, तर फाइल २० बाइटची. इनपुट रिकामं असलं की जीझिप एवढीच फाइल बनवतं. डेटाबेसचा पासवर्ड बदलून अडीच महिने झाले होते. तेव्हापासून रोज हेच.

युनिक्समध्ये चाइल्ड प्रोसेस संपताना पेरेंटसाठी एक आकडा ठेवून जाते. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. पण शेलच्या पाइपमधून एरवी शेवटच्या कमांडचाच आकडा मिळतो. डम्प १ सांगून संपला, जीझिप ० म्हणालं. आणि मी तर तोही वाचत नव्हतो. ‘चेक=ट्रू’ लिहिल्याशिवाय पायथनचं ‘सबप्रोसेस.रन’ स्वतःहून ओरडत नाही.

आता दोन्ही प्रोसेस वेगवेगळ्या सुरू करतो, दोघींचे आकडे तपासतो. ते टेबल मात्र गेलं ते गेलंच.

त्या रात्री घरी फोन लावला. आई नेहमीसारखं म्हणाली, “इकडे सगळं ठीक.” दर रविवारी मी एवढ्यावरच फोन ठेवतो.

“बाबांची शुगर किती आली? आकडा सांग.”

ती जरा वेळ काहीच बोलली नाही.

“३१०.”