ठेका दिला, जबाबदारी नाही

मे महिन्यात आमच्या वरणगावात पारा 45 च्या आसपास असतो. वरच्या खोलीत रात्रीही पंखा गरम वाराच फेकतो. ही खोली सात वर्षांपूर्वी आम्ही मटेरियलसह ठेक्यावर बांधली. दोघांच्या नोकऱ्या, मुलं लहान. देखरेख करणार कोण? चौरस फुटाचा भाव ठरवला आणि मोकळे झालो. पश्चिमेची भिंत चार इंची झाली, झरोके राहूनच गेले. ठेकेदाराने फसवलं असं म्हणवत नाही. कागदावर चौरस फूट लिहिले होते, गारवा लिहिलाच नव्हता!

यंदा सासूबाईंसाठी खाली खोली काढायची ठरली. हे म्हणाले, "पुन्हा पूर्ण ठेकाच देऊ, डोक्याला ताप नको." अम्मी हळूच म्हणाल्या, "बेटा, आपलं जुनं धाब्याचं घर किती थंड असायचं! मिस्त्री आणि तुझे अब्बा एकाच बाजेवर बसून सगळं ठरवायचे."

शाळेत भूकंप शिकवताना मी किल्लारीबद्दल सांगते. 1993 च्या त्या भूकंपानंतर कितीतरी गावं नव्या जागी बांधून देण्यात आली. ज्या घरांची नुसती दुरुस्ती करायची होती, तिथे मात्र सरकारी मदत आणि इंजिनिअरचा सल्ला घेऊन घरमालकांनी स्वतः काम करून घेतलं. 2001 च्या भूकंपानंतर गुजरातनेही मोठ्या प्रमाणावर हीच पद्धत स्वीकारली. वर्गात शिकवलेलं घरी का विसरावं?

पाया खोदण्याआधीच इंजिनिअर, मिस्त्री आणि आम्ही एकत्र बसलो. नकाशावर मिस्त्रींनीच समोरासमोर खिडक्या सुचवल्या. ठेका फक्त मजुरीचा दिला, सामान आम्ही आणलं. जवळच दीपनगरचं वीज केंद्र. म्हणून राखेच्या विटा घेतल्या. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, शेतातली मातीही वाचते. पश्चिमेची भिंत नऊ इंची केली, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले.

त्रास झालाच. सिमेंटच्या गोण्या मोजण्यात माझी सुट्टी गेली. वाळूवरून आमच्या दोघांत दोनदा भांडण झालं. एकदा पाणी मारायचं राहिलं, तर दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

ज्यांना उभं राहायला खरंच वेळ नाही, त्यांनी पूर्ण ठेका जरूर द्यावा. पण भिंतीची जाडी, खिडक्या, गच्चीचं काम हे सगळं आधी लिहून घ्यावं. आणि ज्याला त्या घरात राहायचं आहे, त्याला आधी विचारावं.

परवा दुपारी अम्मी नव्या खोलीत झोपल्या होत्या. पंखा बंद होता. मी लावायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे."