ईएसआर चौदा

दादा एसटीत वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी किती वाजता सुटते, कोणत्या फलाटाला लागते, तिच्यावर आज ड्रायव्हर कोण, हे सगळं त्याला तोंडपाठ. पावसाळ्याच्या तोंडावर तो माइकवर विट्याच्या जागी वाई म्हणू लागला. सोबतचे हसले, आम्हीही हसलो. डोकं आधी संध्याकाळचं दुखायचं, ते पुढे सकाळी उठल्यापासून दुखायला लागलं. कुणी पित्त म्हणालं, कुणी जागरण, कुणी चष्म्याचा नंबर. वहिनी मात्र मला फोनवर म्हणाली, "वन्सं, हे हल्ली बोलत नाहीत हो. विचारलं की उत्तर देतात, पण कुठून तरी लांबून दिल्यासारखं."

मी कराडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दादाचं रक्त मीच काढलं. सीबीसी, साखर, थायरॉइड, बी-१२, ईएसआर, सीआरपी. आमच्याकडे ईएसआर अजून वेस्टरग्रेनच्या काचेच्या नळीतच लावतात. सायट्रेट घातलेलं रक्त नळीत शून्याच्या खुणेपर्यंत ओढायचं, नळी स्टँडमध्ये अगदी सरळ उभी करायची आणि तासाने बघायचं, की लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या. शरीरात कुठे दाह असेल तर रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. स्वीडनमधल्या फोरेउस आणि वेस्टरग्रेन यांनी ही पद्धत बसवून दिली त्याला शंभर वर्षं उलटून गेली. तपासणी स्वस्त आहे, पण ढोबळ आहे. रक्त कमी असलं तरी ती वाढते, गरोदरपणात वाढते, वयानेही वाढते. दाह कुठे आहे हे ती कधीच सांगत नाही.

दादाचा ईएसआर आला चौदा. सीआरपी तीन. अठ्ठेचाळीस वर्षांच्या पुरुषाला दोन्ही अगदी नॉर्मल. घरात एकच वाक्य फिरलं, "रक्तात काही नाही." नातेवाइकांना रिपोर्टमधलं तेवढंच कळतं, आणि तेवढं कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

थोड्याच दिवसांत जेवताना दादाच्या उजव्या हातातून घास सुटला. सीटी स्कॅन झाला, मग एमआरआय. मेंदूत दोन्ही बाजूंना बारीक बारीक झटके येऊन गेलेले, काही जुने, काही ताजे. ना ब्लडप्रेशर, ना साखर, ना तंबाखू. इथल्या डॉक्टरांनी एमआरआय बघितला आणि पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टनी पहिली शंका घेतली ती टीबीची. आपल्याकडे ती आधी घ्यावीच लागते, कारण टीबीचा मेनिंजायटिस मेंदूच्या तळाच्या धमन्यांना धरतो आणि असेच झटके देतो. मणक्यातलं पाणी काढलं. पेशी वाढलेल्या, बहुतेक लिम्फोसाइट, प्रथिन ११८, साखर ठीक. टीबीची सीबीनॅट निगेटिव्ह. एचआयव्ही, व्हीडीआरएल, कांजिण्यांचा विषाणू, एएनए, अँका, एकेक करत सगळं निगेटिव्ह. हृदयाची इको झाली. जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी झाली, तीत मेंदूच्या काही धमन्या मध्येच अरुंद, मध्येच फुगलेल्या दिसल्या. असं चित्र दुसऱ्या एका आजारातही दिसतं. त्यात धमन्या नुसत्या आवळल्या जातात आणि काही आठवड्यांत आपोआप सुटतात. पण त्यात डोकं वीज कोसळल्यासारखं एकदम दुखतं आणि मणक्यातलं पाणी सहसा स्वच्छ असतं. दादाचं दोन्ही उलटं होतं.

तेव्हा आजाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं, प्रायमरी सीएनएस व्हॅस्क्युलायटिस. म्हणजे फक्त मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांना होणारा दाह, बाकी शरीर कोरडं. न्यूयॉर्कच्या क्राविओटो आणि फायगिन यांनी १९५९ मध्ये त्याचं वर्णन केलं. निदानाचे निकष १९८८ मध्ये कॅलॅब्रीज आणि मॅलेक यांनी मांडले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००७ मध्ये आपल्या १०१ रुग्णांची माहिती छापली, त्यात प्रमाण काढलं ते दहा लाख माणसांमागे वर्षाला दोन-अडीच. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "सर, धमन्यांना एवढी सूज आहे, तर ईएसआर चौदा कसा?"

त्यांनी फाइल बाजूला ठेवली. लॅबमधली आहे म्हटल्यावर बहुतेक त्यांना सांगायला बरं वाटलं असावं. म्हणाले, "सीआरपी बनवतं कोण? यकृत. त्याला तसा निरोप जावा लागतो, इंटरल्यूकिन-६ सारख्या रेणूंचा. मांडीत गळू झालं तर तो निरोप रक्तातून धो धो जातो. इथे सुजलेल्या वाहिन्या बारीक, एकूण सुजलेला भाग थोडा आणि तो कवटीत कोंडलेला. यकृतापर्यंत पोहोचेल इतकं काही बाहेर येतच नाही. कानशिलाची धमनी सुजली तर बघा, ईएसआर कितीदा शंभराच्या घरात जातो. यात बहुतेकांचा नॉर्मलच असतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. दादाचा ईएसआर ऐंशी आला असता, तर ते या निदानापासून लांब गेले असते. हृदयाच्या झडपेचा संसर्ग, सगळ्या अंगभर पसरलेला व्हॅस्क्युलायटिस, कुठेतरी लपलेला कर्करोग, हे आधी शोधावं लागलं असतं. नॉर्मल रिपोर्ट त्यांच्या बाजूने बोलत होता. घरी आम्ही त्याच आकड्यावरून ‘काही नाही’ म्हणालो होतो, आणि ते त्याच आकड्यावरून मेंदूकडे बोट दाखवत होते.

पुढचा प्रश्न बायोप्सीचा. दादाच्या सासरच्या मंडळींना कवटीला भोक पाडणं हे ऐकवतच नव्हतं. "औषध सुरू करा की, बायोप्सी कशाला?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. हा दाह सलग नसतो, जागोजागी असतो, त्यामुळे आजार असूनही तुकड्यात काही न मिळण्याची शक्यता बरीच असते. पण औषध म्हणजे जास्त डोसचं स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड. तिथे टीबी किंवा लिम्फोमा निघाला असता तर? सही वहिनीने केली. मला ती तेव्हा आम्हा सगळ्यांपेक्षा खमकी वाटली.

उजव्या बाजूच्या फ्रंटल लोबमधून आवरणासकट छोटा तुकडा काढला. ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या मतासाठी आमच्या हातात दिल्या, त्या मी आमच्या लॅबच्या मॅडमना दाखवायला नेल्या. मॅडमनी स्लाइड लावली, बराच वेळ पाहिली आणि खुर्ची सरकवून मला बसवलं. माझा जन्म रक्ताच्या फिल्म बघण्यात गेलेला, मेंदू मी कधी पाहिला नव्हता. गुलाबी पसाऱ्यात एका बारीक धमनीचं कडं होतं. तिच्या भिंतीत जांभळ्या ठिपक्यांची इतकी दाटी, की मधली पोकळी जेमतेम उरलेली. लिम्फोसाइट मी लगेच ओळखले. त्यांच्यात दोन-तीन केंद्रकांची मोठी पेशी बसलेली, ती मॅडमनी दाखवली. शेजारच्याच धमनीला काहीही झालेलं नव्हतं. रोज सकाळी मी जे लिम्फोसाइट शेकड्यात मोजून कागदावर लिहिते, ते दादाच्या रक्तात अगदी हिशेबात होते आणि इथे धमनीच्या भिंतीत ठाण मांडून बसले होते. कोणत्याही सिरिंजमध्ये ते आले नसते. अमायलॉइडचा काँगो रेड आणि टीबीचा झेडएन, दोन्ही रंग निगेटिव्ह आले.

उपचार सुरू झाले आणि रक्ताचे आकडे एकाएकी महत्त्वाचे ठरले, पण वेगळेच. स्टेरॉइडनंतर टीएलसी १७,४०० वर गेला. वहिनी घाबरली, तिच्या हिशेबात पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इन्फेक्शन. खरं तर स्टेरॉइडमुळे वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि मोजणीत दिसू लागतात. सायक्लोफॉस्फामाइडचं उलट. महिन्यातून एकदा सलाइनमधून ते द्यायचं आणि साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पेशी तळाला जातात. त्या दिवसांत दादाचा सीबीसी मी दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. एकदा २,६०० आला आणि पुढची सलाइन लांबवावी लागली. लघवीत लाल पेशी दिसतात का हेही बघायचं, कारण त्या औषधाने मूत्राशयाला इजा होते. सोबत मेस्नाचं इंजेक्शन असायचं आणि वहिनीच्या हातात सतत पाण्याचा तांब्या. साखर स्टेरॉइडने वाढलीच.

याच काळात एका पहाटे दादाला ताप आला. सीआरपी ८४. इतके महिने जो आकडा हललाच नव्हता तो हलला, आणि घरात सगळ्यांनी धरून टाकलं की आजार उलटला. पुण्याला फोन केला. डॉक्टर म्हणाले, छातीचा एक्स-रे काढा. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. सीआरपी सापडला तोच न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात, १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना. आपलं मूळ काम त्याने चोख केलं. अँटिबायोटिक लागू पडलं तसा तो झपाट्याने उतरला, रक्तातलं त्याचं अर्धआयुष्य एकोणीस तासांच्या आसपासच असतं. मेंदूचा एमआरआय होता तसाच होता.

आता दादा ॲझाथायोप्रीनवर आहे. एसटीने त्याला माइकवरून काढून टेबलाचं काम दिलं आहे. उजव्या हाताने सही करतो, थोडी मोठी आणि तिरकी. वेळापत्रक परत पाठ झालंय असं तो म्हणतो. वहिनी म्हणते, ऐंशी टक्के. दर महिन्याला सीबीसी आणि यकृताच्या तपासण्या होतात, त्या औषधाच्या धाकाने. आजार कुठवर आहे हे बघायला एमआरआय आणि वेळ पडली तर पुन्हा मणक्यातलं पाणी.

गोळी कधी बंद करायची यावर दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. एक म्हणतात, दोन वर्षं झाली की डोस उतरवू. दुसरे म्हणतात, हा आजार बऱ्याच जणांत परत डोकं वर काढतो, घाई नको. वहिनी मला विचारते, "तुमच्या लॅबमध्ये यातलं काहीच कळत नाही का हो?" मी नाही म्हणते. पुढच्या एमआरआयची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे.